पितळी बटणांचा वैशाख

परवा संध्याकाळी आमच्या गल्लीतून एक वरात गेली. मी खिडकीशी तांदूळ निवडत बसले होते. चंद्रपुरात वैशाखात रोज एखादी वरात जातेच, तिचं नवल राहिलेलं नाही. पण बँडवाले वळणावरून पुढे आले आणि माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. लाल कोट, खांद्यांवर सोनेरी झुपके, छातीवर दोन ओळींत बटणं. एकाचा कोट काखेत उसवला होता, दुसऱ्याच्या पायात रबरी चप्पल होती. घाबरावं असं त्यांच्यात काहीच नव्हतं. तरी सून आतून आली आणि म्हणाली, "आई, पंखा लावू काय? केवढा घाम आला तुम्हाले!"

तो घाम उन्हाचा नव्हता. लग्नाच्या मांडवात कपड्यावरची बटणं चमकताना दिसली की मी आजही आधी बाहेर जायचं दार शोधते. साठाहून जास्त वर्षं झाली. ज्यांच्या छातीवर ती बटणं होती ते आमचे हे जाऊनही बरीच वर्षं झाली. भीती मात्र अजून घरात आहे, म्हाताऱ्या मांजरासारखी. कुठे निजलेली असते ते कळत नाही, आणि अचानक पायात येते.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण त्यातले नवऱ्यासोबतचे दिवस मोजले तर दोन महिनेसुद्धा भरले नसते. हे फौजेत होते. आमचं गाव मूलपासून गडचिरोलीकडे जाताना, वैनगंगेच्या अलीकडे. धानाची शेती, गावाबाहेर बोडी, म्हणजे लहानसा तलाव, आणि बोडीच्या पल्याड लगेच जंगल. गावातून फौजेत गेलेला हा पहिलाच माणूस. एकुलता एक मुलगा बंदूक धरायला पाठवला म्हणून भावकीने माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, नको नको ते ऐकवलं होतं. "घरी खायले नाई काय?" असं भर पंगतीत विचारलं होतं. मामाजी तेव्हा काही बोलले नव्हते. न बोलता साठवून ठेवणाऱ्यांपैकी ते होते.

त्या वर्षी मोहफुलं सरत आली होती तेव्हा हे आले. मूलच्या स्टेशनात छोट्या गाडीतून उतरले ते परेडच्या ड्रेसमध्येच. लांब सुट्टी मिळाली म्हणाले. खाकी कापडाला अशी कडक खळ की बसताना करकर वाजावं. पितळी बटणं, कातडी पट्टा, तिरपी टोपी, छातीवर रंगीत फीत आणि तिला लोंबणारं एक पदक. हुद्द्याने ते नाईक होते, पण गावाच्या वेशीपासून घराच्या अंगणापर्यंत येईतो गावाने त्यांना हवालदार करून टाकलं होतं.

त्या दिवशी मामाजींचा चेहरा मी पाहिला. इतकी वर्षं साठवलेलं सगळं त्या चेहऱ्यावर उन्हात वाळत घातल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्याच दिवशी भावकीतल्या एका लग्नाला निघताना ते यांना म्हणाले, "तो ड्रेस घाल. सद्रा-धोतर तं सारेच घालतेत."

आणि मग ते सुरूच झालं. सावलीला लग्न, व्याहाडला लग्न, मूलला साखरपुडा. निमंत्रण द्यायला येणारा माणूस अंगणातूनच म्हणायचा, "हवालदारांना ड्रेसमधी आणजा बरं!" नवरदेवाच्या खुर्चीशेजारी यांची खुर्ची मांडायचे. बायका मला पुढे बसवायच्या. मी आदल्या दिवशी भाताची पेज गाळून खळ करायची, तांब्यात निखारे भरून इस्त्री फिरवायची, चिंच आणि राख घेऊन एकेक बटण घासायची. खोटं कशाला बोलू, पहिल्या दोन लग्नांत मी फार मिरवलं. बटणात माझं तोंड दिसेपर्यंत मी घासत असे.

तिसऱ्या लग्नाच्या आधी मी यांच्या लोखंडी पेटीत पदकाची डबी शोधत होते. दुपार होती. मामाजी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बोडीकडे गेले होते. हे ओसरीवर पाठमोरे बसून दोर वळत होते. पेटीच्या तळाशी घडी केलेला एक कागद निघाला. माझे वडील मूलला शिक्षक होते. चौथीनंतर शाळा सुटली तरी त्यांनी माझ्याकडून इंग्रजी अक्षरं गिरवून घेतली होती. मी बोट ठेवून एकेक अक्षर लावलं आणि एक शब्द जुळला. डिसचार्ज.

हा शब्द मला ठाऊक होता. माझी मावशी बाळंतपणानंतर मूलच्या दवाखान्यातून सुटली तेव्हा सगळे हाच शब्द म्हणत होते. मला वाटलं, हे आजारी होते, दवाखान्यातून सुटले आणि कुणाला काळजी नको म्हणून बोलले नाहीत. मी ओसरीवर गेले, यांच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि म्हणाले, "तुम्ही दवाखान्यात होते, मले काऊन नाई सांगितलं?"

उत्तर नाही. दोर वळणं चालूच.

मी पुन्हा विचारलं, थोडं मोठ्याने. यांनी मानसुद्धा हलवली नाही. मग माझी सावली त्यांच्या हातावर पडली तसे ते दचकून वळले आणि माझ्या हातातला कागद त्यांनी पाहिला.

माणसाचा चेहरा इतक्या लवकर म्हातारा होताना मी त्याआधी पाहिला नव्हता.

"कोणी वाचून देल्लं तुले?" त्यांनी विचारलं.

"मीच वाचला."

त्यांनी दोर खाली ठेवला. मग म्हणाले, "डावा कान गेला. पूर्ण. पलटणीनं काढून टाकलं मले. सुट्टी नाई ही. आता परत जायचं नाई."

"मंग हा ड्रेस?"

"जमा करा लागते. एक जोडी मी ठेवली. गावात बिनाड्रेसचा कसा उतरू? बाबा स्टेशनावर उभे राहणार होते." मग हळू आवाजात म्हणाले, "फौजेतून निघाल्यावर हा घालता येत नाई. गुन्हा आहे तो. कोणी ओळखलं तं पोलीस नेते."

"मंग मामाजींना सांगून टाका."

"सांग तू," ते म्हणाले. "त्यांच्या तोंडाकडे पाह्य आणि सांग."

मी नाही सांगितलं. त्यांनीही नाही. आणि त्या दुपारपासून माझा वैशाख बदलला.

आता कुणी अंगणात आलं की ते पोलीसच आहेत असं वाटे. दूर रस्त्यावर धूळ उडाली की मी घागर खाली ठेवी. ज्या बटणांत मी तोंड बघत होते ती आता तोंड दिसायच्या आतच घासायची थांबवायची. लग्नात बायका मला विचारायच्या, "सुट्टी किती दिवसांची हो?" मी काहीतरी आकडा सांगायची आणि मागच्या लग्नात कोणता सांगितला होता ते आठवत बसायची. मांडवात मी यांच्यावरून नजर हलवत नसे. डावीकडून कुणी बोलायला आलं की मी जागेवरून अर्धी उठे. हेही हुशार झाले होते. भिंत किंवा खांब डाव्या हाताला येईल अशी खुर्ची ओढून घ्यायचे, म्हणजे बोलणारा उजवीकडूनच येईल. लोक म्हणायचे, फौजी माणूस, कसा पाठ राखून बसतो पाहा. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतही नसू.

वैशाखातलं ऊन, हळदीचा वास, तुपात परतलेल्या रव्याचा वास, सनईचा तो नाकातला सूर. या सगळ्यांनी माणसाला लग्न आठवतं. मला ती बटणं आठवतात. लोकांना भीती अंधारात वाटते म्हणतात. माझी सगळी भीती लख्ख उजेडात होती, रोषणाईत, अत्तर लावलेल्या माणसांच्या गर्दीत.

एकदा सकाळी आम्ही जंगलातल्या वाटेने व्याहाडकडे निघालो होतो. मामाजी गाडी हाकत होते, हे त्यांच्या शेजारी ड्रेसमध्ये, मी मागे. वाटेत एक गोंडांचा टोला, दहा-बारा घरांचा पाडा, लागतो. त्याच्या अलीकडे मोहाच्या झाडांखाली बायका उरलीसुरली फुलं वेचत होत्या. त्यांचं हसणं आम्हाला दुरून ऐकू आलं होतं. गाडी वळणावर आली, कुणीतरी खाकी रंग पाहिला, आणि एकीने कसलीशी हाक घातली. क्षणात सगळ्या पळाल्या. टोपल्या तिथेच उलट्या पडल्या, एकीचं लुगडं काट्यात अडकून फाटलं. मागे राहिली एक म्हातारी, जिला पळता येत नव्हतं. ती फुलांच्या ढिगावर पदर पसरून अंग टाकून बसली. तिला वाटलं, जंगलखात्याचे आले.

मामाजी खुशीत हसले. "पाह्य, कसा दरारा आहे!"

हे गाडीतून खाली उतरले. म्हातारीजवळ गेले. तिने हात जोडले आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "मालिक, पोटासाठी येचतो. सारं नको नेऊ."

यांनी टोपी काढली. "बाई, मी नाई तो. मी नाई," एवढंच ते म्हणत राहिले. तिला ते पटलं नाही. तिने दोन्ही ओंजळी भरून फुलं यांच्या पुढे धरली. हे खाली बसले, उलटलेली टोपली सरळ केली आणि सांडलेली फुलं भरू लागले. कडक खळीचा ड्रेस गुडघ्यांत मोडला. म्हातारी त्यांच्या हातांकडे बघत होती. फुलांच्या ढिगावरून ती शेवटपर्यंत उठली नाही. गाडीत परत बसल्यावर यांच्या बोटांना मोहाचा वास येत होता. रस्ताभर ते टोपी मांडीवर ठेवून बसले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, या कपड्याला आम्ही दोघंच भीत नाही.

वैशाख संपायला आठवडा होता. गडचिरोलीच्या एका बड्या वकिलांच्या मुलीचं लग्न निघालं. मामाजींचं त्यांच्याकडे जाणं-येणं होतं. वकिलांनी माणूस पाठवून सांगितलं, तहसीलदार येणार, नागपूरचे पाहुणे येणार, तुमच्या मुलाला ड्रेसमध्ये दाराशी उभा करू, पाहुण्यांना सलाम करील, शोभा येईल. मामाजींना त्यात मान दिसला. मला दारवान दिसला. पण निरोप्याच्या पुढच्या वाक्याने माझे कानच बधिर झाले. "नवरदेवाचे मामा फौजेत कप्तान आहेत. तेही येऊन राह्यले."

हे त्या दिवशी जेवले नाहीत. पोट दुखतं म्हणाले. मामाजींनी स्वतः ओवा आणून दिला, काळजीने. तो ओवा यांनी चावून खाल्ला.

मी म्हणाले, "आजारी आहो म्हणून सांगा. जाऊ नका."

"बाबांनी साऱ्या गावाले सांगितलं," ते म्हणाले. "कप्तानसाहेबाशी माझा पोरगा बोलणार म्हणून."

वैनगंगेच्या वाळूतून आमची गाडी गेली तेव्हा दुपार कलत होती. गोरज मुहूर्त होता. वकिलांच्या दाराशी केळीचे खांब, आत खुर्च्यांच्या रांगा, गुलाबपाणी शिंपडायला चांदीची दाणी. यांना दाराशी उभं केलं. येणाऱ्या प्रत्येक कोट-टोपीला ते सलाम करत होते. मी बायकांच्या बाजूला, विहिरीजवळच्या पडद्याआडून बघत होते. प्रत्येक टांगा आला की मी खाकी रंग शोधायची. एकही आला नाही. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, तरी कप्तान काही दिसला नाही. मी देवाचं नाव घेतलं. वाटलं, सुटलो.

तेवढ्यात पांढऱ्या बुशशर्टातला एक बारीक मिशीचा माणूस सरबताचा पेला हातात घेऊन दाराकडे चालत गेला. तासभर तो नवरदेवामागे उभा होता. मी त्याला कुणी मास्तर समजले होते. तो यांच्या डाव्या बाजूला थांबला आणि त्याने काहीतरी विचारलं.

हे समोर बघत उभे राहिले.

त्याने पुन्हा विचारलं. या वेळी आवाज मांडवभर गेला. "जवान, कौन सी पलटन?"

हे तसेच. पुतळ्यासारखे ताठ, नजर समोर. आजूबाजूच्या खुर्च्या वळल्या. कुणीतरी म्हणालं, "अहो, कप्तानसाहेब विचारतात!" तहसीलदार हसून बोलले, "फौजेत बहिरे घेऊ लागले काय आता?" सगळे हसले. मामाजी तिसऱ्या रांगेतून उठले. त्यांचं तोंड लालबुंद झालं होतं. "अरे बोल ना! बोलून काऊन नाई राह्यला?"

पडदा मी केव्हा सारला ते मला आठवत नाही. पुरुषांच्या मांडवातून चालत गेलेली मी एकटीच बाई होते, आणि तेवढं अंतर मी पुन्हा आयुष्यात कधी चालले नाही. कुणीतरी मागून "सूनबाई!" म्हणून ओरडलं. मी यांच्या उजव्या बाजूला गेले. लोकांदेखत नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "पलटण विचारून राह्यले. खरं सांगा."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वळून त्या माणसाकडे. टाचा जुळवल्या, पण हात वर नेला नाही.

"साहब, अब कोई पलटन नहीं. डिसचार्ज हूँ. कान से."

कप्तानांनी सरबताचा पेला बाजूच्या खुर्चीवर ठेवला.

मग ते बघत राहिले. पदकाकडे, बटणांकडे, यांच्या डाव्या कानाकडे. "फिर यह वर्दी?"

"गलती है, साहब."

"जानते हो इसकी सज़ा?"

"जी."

मी डोळे मिटले. मला हातकड्या दिसल्या. पण कप्तान अगदी हळू बोलले, आणि तेही यांच्या उजवीकडे येऊन. "थाने की बात मैं शादी में नहीं करूँगा. लेकिन उतार दो. अभी." मग एक पाऊल जाऊन ते थांबले. "मेडल रख लेना. वह तुम्हारा है." आणि ते नवरदेवाकडे निघून गेले. मागे वळून पाहिलं नाही त्यांनी.

वकिलांनी तोंड फिरवलं होतं. यांना कुठे बसवावं ते कुणालाच कळत नव्हतं. हे मांडवामागच्या गोठ्यात गेले. आणि तिथे गेल्यावर आमच्या लक्षात आलं की अंगावरचं उतरवलं तर घालायला दुसरं काहीच आणलेलं नाही.

मामाजी आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, यांच्याकडेही नाही. त्यांच्या हातात आहेराचं गाठोडं होतं, वकिलांसाठी आणलेलं कोरं धोतर आणि उपरणं. त्यांनी ते सोडलं आणि यांच्या हातात दिलं. मग पाठ करून गोठ्याच्या दाराशी उभे राहिले, कुणी आत येऊ नये म्हणून.

आम्ही न जेवता निघालो. लग्नघरातून असं उपाशी निघणं त्या काळी केवढी गोष्ट होती ते आज कुणाला सांगून कळायचं नाही. कुणी थांबा म्हणालं नाही.

गाडी नदीच्या वाळूत उतरली तेव्हा चांदण्या निघाल्या होत्या. मामाजी जुवाजवळ बसून हाकत होते. हे गाडीत मागे, कोऱ्या धोतरात, उघड्या अंगावर उपरणं घेऊन. मी त्यांच्या समोर, मांडीवर खाकी गाठोडं. कप्तानांची भीती गेली होती. आता सगळी भीती त्या पुढच्या पाठीची होती. ती पाठ वळली तर काय बोलेल? भावकीला काय सांगेल? मला माहेरी पाठवेल? मामाजींनी बैलांना एकदाही हाक दिली नाही. चाकं वाळूत रुतत होती, आणि त्यांच्या कुरकुरीखेरीज कसलाही आवाज नव्हता.

अर्ध्या नदीत आल्यावर ते पुढे बघतच काहीतरी म्हणाले. यांना ऐकू आलं नाही. हे वाळूकडे बघत होते. मी सांगायला तोंड उघडलं, तोच मामाजींनी कासरे माझ्याकडे टाकले.

"धर पोरी," ते म्हणाले.

चालत्या गाडीत ते उठले. सत्तरीला टेकलेला माणूस, दांडीला धरत, तोल सावरत मागे आला. यांच्या डाव्या बाजूला बसू लागला आणि थांबला. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "कोणता?"

मी माझ्या डाव्या कानाला हात लावला.

मामाजी यांना ओलांडून उजव्या बाजूला गेले आणि खाली बसले. खांद्याला खांदा लागेल इतके जवळ.

"दुखते काय रे?" त्यांनी विचारलं.

यांनी मान हलवली. नाही म्हणून. मग थोड्या वेळाने, हो म्हणून.

"कवापासून?"

आणि हे सांगू लागले. हातबाँब फेकायची शिकवणी, वेळेआधी झालेला स्फोट, शेजारी उभा असलेला तो दुसरा जवान, जो उठलाच नाही. मला यातलं एक अक्षर त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मामाजी मध्ये बोलले नाहीत. मी कासरे धरून पुढे बघत होते, कारण मागे बघितलं असतं तर त्यांचं बोलणं थांबलं असतं. बैलांना वाट ठाऊक होती. गावाचा दिवा दिसला तसे मी कासरे ओढले आणि गाडी सावकाश चालवली, अगदी सावकाश, यांचं सांगून होईपर्यंत.